जनसंपर्क आणि जाहिरात : विद्यापीठीय शिक्षणाचे स्वरूप

वृत्तपत्रातील जागा किंवा आकाशवाणीवरील वेळ विकत घेऊन सांगितलेली गोष्ट म्हणजे जाहिरात. तीच गोष्ट पैसे न मोजता, तिच्या वृत्तमूल्याच्या बळावर प्रसिद्ध व्हावी आणि संस्थेविषयी लोकांच्या मनात विश्वास टिकून राहावा, यासाठी सातत्याने केलेला प्रयत्न म्हणजे जनसंपर्क. भारतातील अनेक विद्यापीठांमध्ये हे दोन्ही विषय एकाच अभ्यासक्रमात शिकवले जातात. या जोडणीमुळे विद्यार्थ्याला दोन वाटा खुल्या राहतात. मात्र एकाच वर्षाच्या पदविकेत जनसंपर्काच्या वाट्याला अनेकदा कमी तास येतात, हेही खरे.

या देशात व्यवसाय आधी आला, शिक्षण नंतर. 1780 मध्ये कोलकात्यात निघालेल्या हिकी यांच्या ‘बेंगाल गॅझेट’मध्येही जाहिराती होत्या. भारतातील सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांपैकी एक मानली जाणारी ‘बी. दत्ताराम अँड कंपनी’ 1905 मध्ये मुंबईच्या गिरगावात सुरू झाली. आकाशवाणीच्या विविध भारतीवर व्यापारी जाहिरातींचे प्रसारण 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून सुरू झाले, तर दूरदर्शनवर जाहिराती 1976 मध्ये आल्या. जनसंपर्क व्यावसायिकांची ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संघटना 1958 पासूनची असून तिचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन 21 एप्रिल 1968 रोजी दिल्लीत झाले. तो दिवस आता राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. अमेरिकेत मात्र एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात 1923 मध्येच या विषयाचे अध्यापन सुरू केले होते.

भारतात या क्षेत्रातील औपचारिक शिक्षणाचा विचार करताना दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे नाव प्रथम घेतले जाते. 1965 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची जाहिरात आणि जनसंपर्क या विषयांतील पदव्युत्तर पदविका दीर्घकाळ प्रतिष्ठेची मानली गेली आहे. 2024 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक अमरावती येथे आहे. भोपाळच्या माखनलाल चतुर्वेदी राष्ट्रीय पत्रकारिता व संचार विद्यापीठात या विषयांचा स्वतंत्र विभागच आहे. खासगी क्षेत्रात मुंबईची झेवियर संज्ञापन संस्था (1969), पुण्याची सिम्बायोसिस जनसंज्ञापन संस्था (1990) आणि मुद्रा या जाहिरातसंस्थेच्या पुढाकाराने 1991 मध्ये उभी राहिलेली अहमदाबादची मायका या संस्था परिचित आहेत. शासकीय आणि खासगी संस्थांच्या शुल्कांत कित्येक पटींचे अंतर असते. पदवी स्तरावर मुंबई विद्यापीठाचा ‘बीएमएम’ हा अभ्यासक्रम गाजला. त्याच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एका शाखेची निवड करावी लागे. पुढे या अभ्यासक्रमाचे नाव बदलून ‘बीएएमएमसी’ करण्यात आले.

अभ्यासक्रमात ग्राहकवर्तन, संशोधनपद्धती, मजकूरलेखन, माध्यमनियोजन, संस्थात्मक संज्ञापन आणि कायदा हे विषय बहुधा असतात. यांपैकी माध्यमनियोजन नवागतांना सर्वांत अवघड जाते, कारण जाहिरात म्हणजे केवळ कल्पकता, अशी समजूत बाळगून आलेल्या विद्यार्थ्यासमोर येथे आकडे उभे राहतात. एखादी जाहिरात ठरावीक लोकसमूहापैकी 60 टक्के लोकांपर्यंत सरासरी 4 वेळा पोहोचली, तर तिचे एकूण गुणांकन 240 धरले जाते. पण 80 टक्के लोकांपर्यंत 3 वेळा पोहोचलेल्या जाहिरातीचे गुणांकनही 240 च होते. नव्या वस्तूची ओळख करून द्यायची की जुन्या वस्तूची आठवण ठेवायची, यावर या दोहोंतील निवड ठरते. वृत्तपत्रातील दर जागेच्या क्षेत्रफळावर आणि आकाशवाणीवरील दर बहुधा दहा सेकंदांच्या हिशेबाने ठरत असल्याने वाक्यातील एक अनावश्यक शब्दही खर्चात मोजला जातो.

जनसंपर्काच्या वर्गात संकटकालीन संज्ञापनाचे उदाहरण म्हणून कॅडबरीचे प्रकरण वारंवार घेतले जाते. ऑक्टोबर 2003 मध्ये मुंबईत काही चॉकलेटांत अळ्या आढळल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. प्रारंभी सदोष साठवणुकीकडे बोट दाखवणाऱ्या कंपनीने नंतर विक्रेत्यांसाठी ‘विश्वास’ हा प्रकल्प हाती घेतला आणि 2004 च्या आरंभी नवे वेष्टन बाजारात आणले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतरच्या. वेष्टन न बदलता केवळ जाहिरात केली असती तर काय झाले असते, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे.

कायद्याचा विषय पूर्वी काहीसा उपेक्षित असे. आता तसे करणे परवडणारे नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 पासून आहे. जाहिरात व्यवसायाच्या स्वयंनियमनासाठी 1985 मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषद स्थापन झाली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादक आणि पुरस्कर्ता या दोघांनाही 10 लाख रुपयांपर्यंत, तर पुनरावृत्ती झाल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगावे, असे परिषदेने 2021 मध्ये बजावले. आज या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले काम बहुधा याच माध्यमांवरील असते.

या व्यवसायात पदवी अनिवार्य नाही, हे प्रवेशापूर्वीच ठाऊक असलेले बरे. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीताचे शब्द लिहिणारे दिवंगत पीयूष पांडे इतिहासाचे विद्यार्थी होते आणि 1982 मध्ये ओगिल्व्हीत दाखल झाले. अभ्यासक्रमाचा खरा लाभ प्रशिक्षणार्थी म्हणून मिळणाऱ्या संधीत आणि स्वतःच्या कामाच्या संग्रहात असतो. त्यामुळे संस्था निवडताना मागील वर्षीचे विद्यार्थी कोठे प्रशिक्षणासाठी गेले, याची चौकशी करणे माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहण्यापेक्षा उपयुक्त ठरते.

मराठी विद्यार्थ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो तो भाषेचा. भोपाळला गेल्यावर ‘जाहिरात’ हा शब्द मागे राहतो आणि ‘विज्ञापन’ समोर येतो. अहमदाबादेत मात्र गुजराती ‘जाहेरात’ ओळखीची वाटते. बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत. व्यवसायातही राष्ट्रीय मोहिमेचा मूळ मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत तयार होऊन मराठीत केवळ अनुवादित होतो, आणि म्हणूनच अनेक मराठी जाहिराती परक्या वळणाच्या वाटतात. मुंबई विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांनी बीएमएम मराठी माध्यमातूनही सुरू केले, तेव्हा मूळ मजकूरच मराठीत सुचणारे लेखक घडावेत, ही अपेक्षा होती. असे लेखक आजही जाहिरातसंस्थांना सहजी मिळत नाहीत.