आपल्या आवाराची गोष्ट : मुरूम, कोबा आणि पेव्हर ब्लॉक

संस्थेचा इतिहास लिहा म्हटलं की नोंदणी, पहिली कार्यकारिणी, गणपती हेच येतं. मी आवाराचा लिहितो, कारण वार्षिक सभेत सर्वांत जास्त भांडणं त्यावरच झाली.

राहायला आलो तेव्हा फाटकापासून जिन्यापर्यंत नुसता मुरूम. जून लागला की चपला हातात! पण पाणी मुरायचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आपला रायगडही झोडपला गेला. तेव्हाही आपल्या तळमजल्याचे उंबरे कोरडे होते.

पुढे गाड्या वाढल्या, चिखल नको झाला आणि सभेने कोबा मंजूर केला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मुरूम न खोदता त्यावरच सहा इंच काँक्रीट ओतलं. दिसायला झकास, पण अंगण वर आलं आणि जोतं खाली गेलं. पुढच्याच पावसाळ्यात रात्री दोन वाजता तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात पाणी शिरलं. तांदळाचा डबा, मुलाची दहावीची पुस्तकं, सगळं पलंगावर. वरच्या मजल्यांवर आम्ही गाढ झोपेत. नंतरचे तीन पावसाळे त्यांनी दाराशी वाळूची पोती लावून काढले आणि आम्ही सभेत "फंड कशाला मोडायचा" म्हणत राहिलो. स्मरणिकेत लिहायला बरं वाटत नाही, पण घडलं ते असं.

खरं तर पेणकरांना हे कुणी शिकवायला नको होतं. आपल्या खारेपाटात बांधाला उघाडी ठेवतात: ओहोटीला आतलं पाणी बाहेर, भरतीला दार बंद. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, त्याच्याही आधीपासून शेतकरी हे मिळून सांभाळत आले. आम्ही बांध घातला, उघाडी विसरलो. रोह्याहून आलेले एक सभासद सभेत म्हणालेच, "आमच्याकडे कुंडलिकेकाठी आधी जोतं बघतात, मग घर."

शेवटी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सिंकिंग फंडातून पैसे काढले. कोबा फोडला, फूटभर खाली गेलो. दगडांचं सोलिंग, खडी, कच आणि वर पेव्हर ब्लॉक. इमारतीपासून बाहेर दहा फुटांना दोन इंच उतार, कुंपणाकडेने जाळीचं गटार. सांध्यांत सिमेंट नको, कचच भरा, हे गवंड्याने दोनदा बजावलं.

भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आला की रस्त्याकडच्या कोपऱ्यात आजही घोटाभर पाणी साचतं. तासाभरात उतरतं. काकूंची ती पोती मात्र अजून जिन्याखाली आहेत. दरवर्षी साफसफाईत आम्ही बाहेर काढतो आणि त्या परत आत ठेवायला लावतात.