पवनवाद्ये

मनुष्याचा हात अथवा श्वास न लागता केवळ वाहत्या वाऱ्याने वाजणारी वाद्ये व नादशिल्पे. नाट्यशास्त्रातील तत, अवनद्ध, घन व सुषिर हे चतुर्विध वर्गीकरण नाद कशातून उमटतो यावर बेतलेले असून वाजविणारा कोण ही बाब त्यात जमेस धरलेली नाही. सबब पवनवाद्यांना तेथे स्वतंत्र खाते नाही, आणि ती मुख्यतः सुषिर, तत व घन या तीन घरांत विखुरलेली सापडतात.

सुषिरांत अग्रमान कीचकाचा. वाऱ्याने नाद करणाऱ्या वेळूला अमरकोशाने हे निराळे नाव दिले आहे, आणि कालिदासाने कुमारसंभव, रघुवंश व मेघदूत या तिन्ही काव्यांत त्याचा रव योजिला आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बांबूच्या बेटापाशी उभे राहिले असता प्रथम कानी येते ती कांड्यावर कांडे घासल्याची करकर. तिलाच कीचकरव मानण्याची घाई रसिकाने करू नये. खरी शीळ उमटण्यास भुंग्याने कोरलेले भोक अथवा मोडक्या कांड्याचे तोंड वाऱ्यापुढे नेमके तिरपे यावे लागते, आणि हा योग विरळा. इंग्लंडात बर्नली गावाजवळच्या टेकडीवर २००६ मध्ये पोलादी नळ्यांचे जे गाणारे झाड उभारले गेले, त्याची मूळ युक्ती हीच.

ततवर्गातील पवनवीणेचे वर्णन अथानासिउस किर्खर या जेझुइट पंडिताने १६५० मध्ये केले. तारेच्या मागे वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात व त्यांच्या गतीने स्वर ठरतो. दोन मिलिमीटर जाडीच्या तारेवरून सेकंदास पाच मीटर वेगाने वारा गेल्यास सेकंदाला सुमारे ५०० भोवरे सुटतात. तारायंत्राच्या तारांची गुणगुण याच जातीची.

घनवर्ग मात्र उपनगरवासीयांच्या नित्य परिचयाचा. ब्रह्मदेशातील पगोड्यांच्या शिखरछत्रांना लहान घंटा टांगतात. घंटा स्थिर राहते, आणि तिच्या लोलकाला अडकविलेले पातळ धातूचे पान वाऱ्याने हेलावून टोला देते. त्या परंपरेतील यांगोनच्या श्वेडगोन पगोड्याच्या धर्तीवर गोराई येथे बांधलेल्या विश्व विपश्यना पगोड्याचे उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते झाले.

अंधेरी-मुलुंडच्या गॅलऱ्यांत टांगलेला ‘विंड चाइम’ हा याच घराण्यातला. परंतु तो घेताना नळ्या किती, हे फेंगशुईच्या हिशेबाने मोजले जाते, आणि नळीला भोक कोठे पाडले आहे इकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः कंप पावणाऱ्या नळीचा निश्चल बिंदू टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर असतो. पन्नास सेंटिमीटरच्या नळीला ११.२ सेंटिमीटरवर दोरा ओवला तर नाद रेंगाळतो, टोकाशी ओवला तर दबतो. त्याच धातूची व त्याच जाडीची नळी निम्मी कापल्यास स्वर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे दोन सप्तके चढतो. बाजारातील बहुतेक नग या दोन्ही बाबतींत बेफिकीर आहेत. आषाढातल्या वाऱ्यात तर सुरेल नळ्याही शेजाऱ्यांची झोप मोडतात, आणि मग त्या सुतळीने एकत्र आवळून ठेवाव्या लागतात.