मध्यम-आकार कॅमेऱ्यातील केंद्रीकरण

मध्यम-आकार कॅमेऱ्यातील केंद्रीकरण : सु. ६ सेंमी. रुंदीच्या गुंडाळी फिल्मवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात वस्तूची प्रतिमा नेमकी फिल्मच्या पृष्ठावर रेखीव पडावी म्हणून भिंग हाताने पुढेमागे सरकविण्याची क्रिया. छायाचित्रकाराला दिसणारी प्रतिमा व फिल्मवर उमटणारी प्रतिमा एकाच क्षणी रेखीव असतील, याची हमी कशी मिळवावी, हा या क्रियेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

जुन्या काचपट्टिका कॅमेऱ्यात हा प्रश्न जवळजवळ नव्हता. छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवरील उलटी प्रतिमा पाहत असे आणि मग त्याच जागी पट्टिका बसवीत असे. १९०१ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने १२० क्रमांकाची गुंडाळी फिल्म प्रचारात आणली. फिल्म कॅमेऱ्यात घातल्यावर ती संपेपर्यंत दुधी काचेची जागा झाकलेली राहू लागली. परिणामी वस्तूचे अंतर अंदाजाने ठरवून किंवा मोजून भिंगावरील मोजपट्टी त्यानुसार लावणे भाग पडले.

जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके व हायडेके यांनी १९२९ मध्ये तयार केलेल्या रोलायफ्लेक्स या जोडभिंगी कॅमेऱ्याने यावर उपाय दिला. यात समान केंद्रांतराची दोन भिंगे एकाच फळीवर बसविलेली असून ती एकत्र सरकतात. वरच्या भिंगाची प्रतिमा आरशावरून दुधी काचेवर, तर खालच्या भिंगाची फिल्मवर पडते. काचेवरील प्रतिमेत डावे-उजवे उलट दिसते. दोन भिंगांच्या उंचीतील फरकामुळे जवळच्या चित्रात पराशयाचा दोषही उद्‌भवतो. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या साधनांत रोलायफ्लेक्स होता. याउलट, भारतात घरोघरी पोहोचलेल्या आग्फा क्लिक–३ या १२० फिल्मच्या पेटी कॅमेऱ्यात केंद्रीकरणाची सोय जवळजवळ नव्हती. लहान छिद्रामुळे दूरवरच्या वस्तू बऱ्यापैकी स्पष्ट येत, एवढ्यावरच तो अवलंबून असे.

मोठे छिद्र वापरल्यास ही सवलत राहत नाही. ७५ मिमी. केंद्रांतराच्या भिंगाचे छिद्र एफ/३.५ असताना २ मी. अंतरावर स्पष्टतेची खोली सु. २५ सेंमी., तर १ मी. अंतरावर केवळ सु. ६ सेंमी. असते. ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यात जवळपास तेवढेच दृश्य टिपणाऱ्या ५० मिमी. भिंगाने, त्याच छिद्राला, २ मी. अंतरावर सु. ३४ सेंमी. खोली मिळते. म्हणून व्यक्तिचित्रात केंद्रीकरण डोळ्यावर करतात. कानावर केल्यास डोळे अस्पष्ट होतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीच्या माणिकगड टेकड्यांसारख्या सागवनात ही अडचण ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात पानगळीमुळे प्रकाश भरपूर असल्याने छिद्र लहान ठेवता येते; पावसाळ्यातील दाट छायेत ते मोठे करावे लागते आणि खोली घटते. लगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांची क्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी १९४० च्या दशकात घेतलेली छायाचित्रे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत जतन केलेली आहेत. अशा नोंदींचे प्रसंग पुन्हा घडवून आणता येत नाहीत. केंद्रीकरण मागच्या झाडावर झाले, तर नर्तकाचा चेहरा व दागिने अभ्यासकाला कायमचे अस्पष्टच राहतात.

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसेलब्लाड यांनी १९४८ मध्ये एकभिंगी परावर्ती कॅमेरा बाजारात आणला. त्यात पाहणे व टिपणे ही दोन्ही कामे एकच भिंग करीत असल्याने पराशयाचा दोष नाहीसा झाला. काच सर्वत्र सारखी उजळ दिसावी म्हणून फ्रेनेल भिंगाची जोड देण्यात आली. विभक्त-प्रतिमा साधनात आडव्या छेदाच्या वर-खाली तुटलेली उभी रेषा जुळली, की केंद्रीकरण साधते. बांबू वा सागाच्या खोडावर ते सोपे जाते. पानांच्या जाळीत मात्र सूक्ष्म लोलकांचा किंवा साध्या दुधी काचेचा अधिक उपयोग होतो. भिंगाचे छिद्र लहान असल्यास विभक्त प्रतिमेचा अर्धा भाग काळवंडतो.

या सर्व साधनांची अचूकता एका अटीवर अवलंबून असते : भिंगापासून आरशामार्गे दुधी काचेपर्यंतचे अंतर व भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर समान असले पाहिजे. जोडभिंगी कॅमेऱ्यात ही समानता दोन्ही भिंगांच्या जुळणीवर अवलंबून असते. आरसा वा काच किंचित सरकली, तरी दिसणारी प्रतिमा फसवी ठरते. फिल्म सपाट नसणे हेही एक कारण होय. रुळावर बराच वेळ वळून राहिलेली फिल्म फुगत असल्याने अनेक जण चित्र घेण्याच्या थोडे आधीच ती पुढे सरकवितात. तपासणीसाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून तिरप्या धरलेल्या छापील कागदाच्या एका ओळीवर पूर्ण छिद्राने केंद्रीकरण करतात. फिल्म धुतल्यावर विवर्धक भिंगातून पाहता पुढची वा मागची ओळ अधिक रेखीव आढळल्यास कॅमेऱ्याची जुळणी दुरुस्त करून घ्यावी लागते.

१९९० च्या दशकात या वर्गात स्वयंचलित केंद्रीकरण आले. २०१६ मध्ये हॅसेलब्लाडने आरशाविना चालणारा अंकीय कॅमेरा जाहीर केला. अशा कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पृष्ठावरचीच प्रतिमा मोठी करून पाहता येते. गुंडाळी फिल्मने हिरावलेली सोय, म्हणजे पाहण्याची व टिपण्याची पातळी एकच असणे, अशा प्रकारे शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा साध्य झाली. मात्र चित्रातील कोणता बिंदू रेखीव हवा, हा निर्णय छायाचित्रकाराचाच राहतो.