गुलाबी दगडाची चकती

आजीच्या ट्रंकेत एक टकळी होती. पोलादी काडी, वरच्या टोकाला बारीक आकडा आणि खाली जुन्या रुपयाएवढी पितळी चकती. तिच्या शाळेत सूतकताईचा तास असे, तेव्हाची. माझ्या हाती आली तोवर काडी वाकून गेली होती, चकतीला मात्र काही झालं नव्हतं. त्या चकतीकडे मी नीट पाहिलं ते पुष्कळ वर्षांनी. मध्ययुगातल्या स्लाव लोकांचा पोशाख पुन्हा हाताने घडवणाऱ्या हौशी मंडळींबद्दल वाचायला लागले, तेव्हा.

पोलंड, चेक देश, युक्रेन, रशिया, जर्मनी अशा अनेक देशांत ही मंडळी आहेत. एरवी नोकरीधंदा करणारी माणसं सुट्टीत दहाव्या-अकराव्या शतकातली कुडती, झगे, पट्टे, जोडे करतात आणि ते घालून काही दिवस तसंच राहतात. पोलंडच्या वायव्य टोकाला वोलिन नावाचं बेट आहे. तिथे दर उन्हाळ्यात त्यांचा मोठा मेळा भरतो. जागाही मोलाची. ब्रेमेनच्या आदाम या इतिवृत्तकाराने अकराव्या शतकात ‘युमने’ नावाच्या शहराला युरोपातलं सर्वांत मोठं नगर म्हटलं. ते हेच असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्लाव, सॅक्सन, ग्रीक असे नाना देशांचे लोक तिथे राहत, असंही तो सांगतो. ‘शुद्ध स्लाव’ पोशाखाच्या गप्पा मारणाऱ्यांनी आदामचं हे वाक्य आधी वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

या छंदात एक प्रश्न पावलोपावली विचारला जातो: हे कशावरून? बाहीची शिवण अशीच कशावरून, पट्टा एवढाच रुंद कशावरून? आणि इथेच अडतं. तागाचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंचं कापड आम्लधर्मी मातीत कुजून जातं. लोकर थोडी जास्त तगते. थडग्यात कापडाचा तुकडा मिळाला तर तो बहुधा एखाद्या ब्रॉन्झच्या दागिन्याला चिकटून उरलेला, तांब्याच्या क्षारांनी वाचवलेला, नखाएवढा. बायकांच्या कानशिलाजवळ लोंबणारी कडी भरपूर मिळतात. व्यातिची टोळीच्या बायकांची सात पाकळ्यांची, पश्चिमेकडच्या स्लाव बायकांची टोकाला इंग्रजी एससारखी वळवलेली. पण ही कडी ज्या पट्टीला अडकवलेली होती, ती पट्टीच गेली. मग लोक एकोणिसाव्या शतकातल्या खेडुतांचा पांढरा, लाल भरतकामाचा सदरा उचलतात आणि त्यालाच हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात. सदरा देखणा असतो, पण हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या अंगावर तो घालायला आपल्याकडे काही आधार नाही.

आधार आहे तो सुताचा. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. उत्खननात हे अक्षरशः खरं ठरतं. कोळसा झालेल्या धाग्यातही पीळ डावा की उजवा ते भिंगाखाली दिसतं. आणि तो पीळ देणारी चकती तर हजारोंनी सापडते.

या चकतीला रशियन आणि युक्रेनी भाषेत प्र्यास्लित्से म्हणतात, पोलिशमध्ये प्शेंश्लिक. दोन्हींच्या पोटात कातण्याचा धातू आहे. चकती जिच्यावर बसते त्या चातीचं नाव वेरेतेनो. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकलेच, कारण त्याचं कूळ आपल्या घरातलं आहे. मूळ तेच, ‘वृत्’ म्हणजे फिरणे. संस्कृत कोशात ‘वर्तन’ या शब्दाचा एक अर्थ चाती असा दिलेला आहे, आणि ‘वर्तुला’ म्हणजे चातीच्या टोकाचा गोळा. जर्मन लोक त्या चकतीला विर्टेल म्हणतात, तोही याच कुळातला. आपण भूमितीच्या वहीत कंपासने जे वर्तुळ काढतो, त्याचा हा भाऊबंद.

सुरुवातीच्या चकत्या मातीच्या असत. कुंभाराकडून भाजून आणलेल्या, नाहीतर फुटक्या मडक्याची खापरी घासून, मधे भोक पाडून घरीच केलेल्या. मग दहाव्या शतकात त्यांच्यात एक गुलाबी चकती दिसायला लागते आणि पाहता पाहता सगळीकडे होते. तिचा दगड मिळतो उत्तर युक्रेनमधल्या ओव्रुच गावाच्या परिसरात. पायरोफिलाइटची पाटी, गुलाबीपासून जांभळटापर्यंत रंगाची, लोखंडी हत्याराने सहज कापली जाईल इतकी मऊ. कीव्हच्या सेंट सोफिया चर्चच्या सज्जांना अकराव्या शतकात जे कोरीव कठडे बसवले, ते याच दगडाचे. एकीकडे राजाच्या चर्चचा कठडा आणि दुसरीकडे खेड्यातल्या बाईची चकती, दोन्ही एकाच खाणपट्ट्यातून निघत होती.

ओव्रुचच्या आसपासच्या गावांत या चकत्यांचे कारखानेच होते. पाटीत भोक पाडायचं, भोकाभोवती गोल कापून चकती सुटी करायची, कडा घासायच्या. कापताना तडकलेल्या, अर्धवट राहिलेल्या चकत्यांचे ढीग तिथे आजही मातीखाली सापडतात. तयार माल साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचा, बोटभर जाडीचाही नाही. व्यापारी तो नद्यांवरून नेत. कीव्ह, नोव्हगोरोद, पोलंड, व्होल्गाकाठचे बल्गार, थेट क्रिमियाचा किनारा, सगळीकडे ही चकती पोचली. एवढीशी वस्तू इतक्या लांब जायची, तर तिच्यात काहीतरी असणारच. कातणाऱ्याला विचारा. मातीची चकती जरा इकडेतिकडे जड असते, त्यामुळे चाती डुगडुगते. दगडाची चकती तोलात बसते आणि गिरकी घेत राहते. हलकी असेल तर बारीक सूत निघतं, जड असेल तर जाड. लहान मापाच्या दगडी चकत्यांनी बायकांना बारीक, सारखं सूत दिलं.

आणि बायकांनी त्या जपल्या. कुणी दोन रेघा ओढल्या, कुणी फुली मारली. चार बायका एकत्र कातायला बसल्या की आपली चकती ओळखू यावी म्हणून. काहींवर तर अक्षरं आहेत. कीव्हमध्ये सापडलेल्या एका चकतीवर लिहिलंय, ‘पोत्वोरा हिची चकती’. ल्युबेच गावात सापडलेल्या चकतीवर इवान्को नावाच्या माणसाने ती आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी केल्याचं कोरलंय. ज्या काळाचे दस्तऐवज राजे आणि बिशप यांनीच भरलेले आहेत, त्या काळातल्या एका कातणाऱ्या बाईचं नाव आपल्याला कळतं ते तिच्या चकतीवरून. नोव्हगोरोदमध्ये सापडलेल्या भूर्जपत्रांवरच्या जुन्या चिठ्ठ्यांइतकंच मला हे मोलाचं वाटतं.

ती एवढं का जपत असेल, याचा हिशेब साधा आहे. एका सेंटिमीटरमध्ये दहा धागे ताण्याचे आणि दहा बाण्याचे धरले, तर एक चौरस मीटर कापडाला दोन किलोमीटर सूत लागतं. अंगभर झग्याला तीन चौरस मीटर कापड लागलं, तर सहा किलोमीटर. हातचातीवर तासाला चाळीसेक मीटर सूत निघतं असं धरलं, तर नुसतं कातायलाच दीडशे तास. विणणं, धुणं, रंगवणं, शिवणं सगळं त्यानंतर. तेही घरातल्या एका माणसाच्या एका कपड्याचं. म्हणून बाई उठता-बसता, चालताना, गुरं राखताना कातायची. म्हणून कापडाला पैशाची किंमत होती आणि काही ठिकाणी कापड हाच पैसा होता. बाराव्या शतकातला इतिहासकार हेल्मोल्ड लिहितो की र्‍यूगेन बेटावरच्या स्लाव लोकांचा बाजार तागाच्या कापडावर चाले. त्याआधी दहाव्या शतकात इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाने प्रागमध्ये जाळीसारख्या विरळ कापडाचे तुकडे चलन म्हणून फिरताना पाहिले होते. आजही बऱ्याच स्लाव भाषांत ‘पैसे देणे’ या क्रियापदाचं मूळ कापडाच्या नावात आहे, असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

कातण्याशी एक देवीही जोडलेली होती. ९८० साली कीव्हच्या राजाने, व्लादिमीरने, टेकडीवर देवांच्या मूर्ती उभारल्या. त्यात एकच देवी होती, मोकोश. पुढे शेकडो वर्षं रशियाच्या उत्तरेकडच्या खेड्यांत समजूत होती की रात्री तंतू तसाच टाकून झोपलं की मोकुशा, म्हणजे तीच मोकोश, येऊन कातत बसते. शुक्रवारी तर कातायलाच बंदी.

१२४०च्या डिसेंबरात मंगोल फौजांनी कीव्ह पाडलं. त्या धुमाळीत ओव्रुचची कारखानदारी बसली ती कायमची. जुन्या चकत्या काही घरांत चालत राहिल्या, नव्या आल्या नाहीत. उत्खननात आज गुलाबी चकती निघाली, की थर त्या स्वारीच्या आधीचा असेल असा पहिला अंदाज बांधला जातो. त्यानंतर पुन्हा माती आणि लाकूड, आणि काही शतकांनी चरखा.

वोलिनच्या मेळ्यात झोपड्यांच्या उंबऱ्यांवर बसून बाया आता पुन्हा अशा चकत्यांवर कातत असतात. त्यांचं बघून मीही एक केली. फुटलेल्या माठाची खापरी घेतली, फरशीवर घासून गोल केली, खिळ्याने दोन्ही बाजूंनी टोकरत मधे भोक पाडलं. पहिली भोक पडतानाच दुभंगली. दुसरी जमली, पण जरा लंबगोल झाली. सुपारीच्या झाडाची काडी तासून त्यात बसवली आणि धनगराकडून घोंगडीसाठीची लोकर मागून आणली. पहिल्या दुपारी सूत सारखं तुटत राहिलं. चाती जमिनीवर आपटायची, काडी सुटायची, चकती घरंगळत पलंगाखाली जायची. तिसऱ्या दिवशी बोटांना कळलं की लोकर ओढायची नसते, सोडायची असते, आणि तेवढ्यात चकतीचा जोर सुतात उतरला. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत चार वेळा जाईल एवढं सूत झालं. जाड, गाठीगाठीचं. ते चातीवरच गुंडाळून ठेवलंय, आजीच्या टकळीशेजारी.