महाराष्ट्रातील जुनी मोटार बेंगळुरूत आणताना कर कसा लागतो?

तुम्ही इंदिरानगरला राहता आणि पुण्याहून किंवा कोल्हापूरहून जुनी मोटार घेणार आहात. तिकडे ती स्वस्त मिळते. पण त्या किमतीत कर्नाटकचा आजीव कर (लाइफटाइम टॅक्स) धरलेला नसतो. हा कर तुम्ही मोजलेल्या पैशांवर ठरत नाही. गाडी नवी असतानाची किंमत धरून, तिच्या वयानुसार सूट देऊन तो आकारतात. नव्या मोटारीसाठी दर किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आहे, वर उपकर. म्हणून सौदा ठरवण्याआधी हा आकडा काढून घ्या.

‘बारा महिने काही करावे लागत नाही’ असे विक्रेते सर्रास सांगतात. ती मुदत स्वतःच्याच नावावरची गाडी परराज्यात ठेवणाऱ्यासाठी आहे (मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ४७). तुम्ही गाडी विकत घेतली असेल, तर ३० दिवसांत तुमच्या भागातील आरटीओकडे हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो (कलम ५०).

पूर्ण रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडून नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) मागा. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमतीही लागते. अर्जावर ३० दिवसांत आरटीओचे उत्तर आले नाही, तर प्रमाणपत्र मिळाले असे कायदा मानतो.

महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी मूळ आरटीओकडे, कर्नाटकातील नव्या नोंदणीचा पुरावा जोडून अर्ज करावा. तो परतावा कोण घेणार, हे विक्रेत्याशी आधीच लेखी ठरवा.