गोव्यांतील बॉम जेझुस : एका गिलाव्याची कथा

ओझराहून नाशकास जाणाऱ्या मनुष्यास काळारामाच्या मंदिराचा पाषाण अनोळखी वाटत नाहीं. विहिरीचें बांधकाम, घाटाच्या पायऱ्या, जुन्या वाड्यांचीं जोतीं, सर्व त्याच काळ्या दगडाचीं. त्यावर चुन्याचा गिलावा देण्याची गरज पडत नाहीं, आणि कोणीं तसें केलें तर तें अरसिकपणाचेंच ठरेल. परंतु काळ्या पाषाणास जें शोभतें तें प्रत्येक दगडास मानवतेंच असें नाहीं. जुन्या गोव्यांतील बॉम जेझुस या प्रसिद्ध चर्चची आजची स्थिति पाहिली म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते.

अल्बुकर्क याने १५१० सालीं आदिलशाहीकडून गोवें घेतलें. युरोपांत विद्येचें व कलेचें जें पुनरुज्जीवन झालें, त्याचे वारे त्यानंतरच्या शतकांत मांडवीच्या तीरावरही येऊन पोंचले. प्राचीन रोमन इमारतींचे स्तंभ, कमानी व प्रमाणें यांचा नव्यानें अभ्यास करून इमारती बांधाव्या, हें त्या काळच्या स्थापत्याचें मुख्य सूत्र होतें. रोममधील जेझुइट पंथाच्या मुख्य चर्चचा पाया १५६८ सालीं घातला गेला. दोन्ही अंगांस स्तंभांच्या रांगा नाहींत, एकच प्रशस्त दालन. कारण प्रवचन प्रत्येकाच्या कानीं पडलें पाहिजे. गोव्याच्या बॉम जेझुसचें दालनही असेंच मोकळें आहे.

या चर्चचें काम २४ नोव्हेंबर १५९४ रोजीं सुरू झालें व १५ मे १६०५ रोजीं आर्चबिशप मेनेझिस यांच्या हस्तें त्याची प्रतिष्ठा झाली. खर्चाचा मोठा भार उचलला तो कोचीनचा कप्तान जेरोनिमो मास्कारेन्यस याच्या मृत्युपत्रानें. त्याचें स्मारक अद्यापि दालनांत आहे. इमारतीची लांबी सुमारें १८३ फूट, रुंदी ५५ फूट व उंची ६१ फूट.

खरी पाहण्यासारखी आहे ती दर्शनी भिंत. ती सुमारें ७८ फूट उंच आहे. तळाशीं तीन द्वारें, त्यांवर तीन मोठ्या खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षें, आणि सर्वांत वर नक्षीदार शिखरपट्टींत येशूच्या नामाचीं तीन अक्षरें. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि कॉंपोझिट हे चारही स्तंभप्रकार या एकाच भिंतींत पाहावयास मिळतात. अशा चर्चना बहुधा दर्शनीं दोन मनोरे असतात. येथें ते नाहींत, घंटेचा मनोरा मागील बाजूस आहे.

आतां दगडाचा विचार करूं. भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. खाणींतून निघतांना हा दगड इतका मऊ असतो कीं त्याचे चिरे कुऱ्हाडीनें काढतां येतात. हवा लागली कीं तो कठीण होतो. म्हणूनच बुकानन या स्कॉटिश संशोधकानें १८०७ सालीं विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. तथापि त्याच्या अंगीं असंख्य छिद्रें असतात व त्यावर बारीक नक्षी उमटत नाहीं. म्हणून स्तंभ व कोरीव काम यांसाठीं काळा पाषाण वसईहून समुद्रमार्गें आणिला. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच कुळांतला दगड! (वसईहून १७३९ नंतर उलट दिशेसही कांहीं आलें, नाशकांतील नारोशंकराच्या देवळावरची पोर्तुगीज घंटा त्याची साक्ष आहे.) उरलेल्या जांभ्यावर मात्र चुन्याचा जाड गिलावा होता. तो केवळ शोभेकरितां नव्हता. गोव्यांत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. गिलावा हें त्या भिंतीचें पावसाळी वस्त्र होतें.

चर्चच्या कीर्तीचें मुख्य कारण अर्थातच संत फ्रान्सिस झेवियर. चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर १५५२ सालीं त्यांचें देहावसान झालें व १५५४ सालीं त्यांचा देह गोव्यास आणण्यांत आला. ज्या चांदीच्या पेटींत तो आहे, ती १६३६-३७ सालीं गोव्याच्याच सोनारांनीं घडविली. तिच्याखालचें संगमरवरी स्मारक टस्कनीचा अधिपति तिसरा कोसिमो याने पाठविलें. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्या कारखान्यांत तें घडलें व १६९८ सालीं येथें उभें राहिलें. इटलीचा संगमरवर आणि गोव्याची चांदी एकमेकांवर इतकी सहज बसली आहे कीं सांधा शोधावा लागतो.

पुढें साथींनीं शहर ओस पडत गेलें, १७५९ सालीं जेझुइटांना घालवून देण्यांत आलें, तरी चर्च टिकलें. दोन शतकांच्या उपेक्षेनें जें केलें नाहीं, तें एका जीर्णोद्धारानें केलें! १९५० नंतरच्या दशकांत, पोर्तुगीज अमदानींतच, वास्तूस प्राचीन रूप यावें म्हणून बाहेरील गिलावा खरवडून काढण्यांत आला. तांबूस दगड उघडा पडला, आणि प्रवासी त्यावर मोहित झाले. आज त्याच रूपाचीं चित्रें घरोघर असतात. पण चिऱ्यांच्या छिद्रांत पाणी मुरतें, पृष्ठभाग झिजतो.

१९८६ सालीं ही वास्तु जागतिक वारशाच्या यादींत आली. २०२० सालीं चर्चच्या प्रमुखांनीं पुरातत्त्व खात्यास गिलावा पुन्हां देण्याची जाहीर विनंति केली. लोकांच्या डोळ्यांत बसलेलें तांबडें रूप राखावें, असें म्हणणारेही आहेत. परंतु तें रूप साडेतीनशें वर्षांच्या चर्चचें नव्हे. बांधणाऱ्यांनीं तें कधीं पाहिलेंही नव्हतें.

रस्त्यापलीकडचें से कॅथेड्रल मात्र गिलावा अंगावर घेऊन पांढरेंशुभ्र उभें आहे. दर दहा वर्षांनीं होणाऱ्या दर्शनसोहळ्यांत संताचा देह तेथें नेतात. २०२४ च्या नोव्हेंबरांतही तो तांबड्या भिंतींतून निघून पांढऱ्या भिंतींत गेला, आणि जानेवारींत परत आला.