सर दोराबजींची ठेव

आपल्या वयाची मंडळी एकत्र जमली की नातवंडे, गुडघे आणि निवृत्तिवेतन यांवर बोलून होते, आणि मग कोणीतरी आवाज खाली आणून विचारतो, "मृत्युपत्र केलेस का रे?" बहुतेकांचे उत्तर "करायचे आहे" असे असते. स्मरणिकेसाठी इतिहासातला एखादा विषय घ्या, असे संपादक मंडळाने सुचवले तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. कोणी किती गड जिंकले हे आपण शाळेत पाठ केले. कोणी मागे काय ठेवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे वाचले नाही. म्हणून ही हकीकत.

परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी आपल्यापैकी अनेकांनी कोणा ना कोणासाठी चढलेली आहे. त्या रुग्णालयाच्या नावातला 'मेमोरियल' हा शब्द आपण सहज उच्चारतो. ते कोणाच्या स्मरणार्थ, हे विचारायच्या मनःस्थितीत तिथे कोणी नसते.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांचा जन्म १८५९ चा. केंब्रिजमध्ये आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले, काही काळ वर्तमानपत्रात काम केलेले, खेळांची मनापासून आवड असलेले हे गृहस्थ. त्यांच्या पत्नी मेहेरबाई या म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्यात मोठ्या पदावर असलेल्या होरमसजी भाभा यांच्या कन्या. त्या साडी नेसून टेनिस खेळत. बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी जाहीरपणे काम केले. दोराबजींनी त्यांच्यासाठी 'ज्युबिली' नावाचा २४५ कॅरटचा हिरा घेतला होता. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात हा हिराही होता. कारखाना सावरला आणि हिरा सुटून आला.

पण १९३१ च्या जूनमध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात मेहेरबाई गेल्या. वय जेमतेम ५१. आजार होता ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

त्या काळी या आजाराबद्दल वैद्यकशास्त्राला किती कळत होते? फिर्खो या जर्मन वैद्याने त्याला नाव देऊन ८० वर्षे उलटली होती, पण उपचार जवळजवळ नव्हता. क्ष-किरण देत, सोमलाचे औषध देत. काही दिवस आराम पडे आणि आजार परत येई. पैशाने विकत घेता येईल असे औषध जगात कुठेही नव्हते. मुंबईतल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक आणि गावातला गरीब शेतकरी या आजारापुढे सारखेच हतबल होते.

दोराबजींना मूलबाळ नव्हते. पत्नीच्या निधनानंतर वर्षभराच्या आत त्यांनी दोन कामे केली. मार्च १९३२ मध्ये आपली जवळजवळ सगळी संपत्ती त्यांनी एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. हाच सर दोराबजी टाटा ट्रस्ट. स्थळ, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांचा भेद न करता विद्या, संशोधन आणि दुःखनिवारण यांसाठी तो पैसा वापरावा, असा त्याचा हेतू होता. एप्रिलमध्ये त्यांनी दुसरा, लहान निधी स्थापन केला, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याचा मोठा भाग जगात कुठेही होणाऱ्या ल्युकेमियावरील संशोधनासाठी, आणि उरलेला भारतातल्या आरोग्यविषयक संशोधनासाठी. पुढे पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते युरोपात निघाले आणि ३ जून १९३२ रोजी वाटेतच जर्मनीत त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधल्या ब्रुकवुड येथे त्यांना मेहेरबाईंच्या शेजारी विसावा मिळाला. पहिला दस्तऐवज आणि मृत्यू यांच्यामध्ये तीन महिनेही नव्हते.

या दोन दस्तऐवजांतला फरक मला फार बोलका वाटतो. लहान निधीत आजाराचे नाव बांधून दिले आहे, पण देश बांधलेला नाही. कारण उपाय बोस्टनला सापडेल की बर्लिनला, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मोठ्या निधीत उद्देश सांगितला आहे, पण मार्ग मोकळा ठेवला आहे. हा शहाणपणा दोराबजींना घरातच मिळाला असावा. जमशेटजींनी विज्ञानसंस्थेचा संकल्प १८९८ मध्ये केला, १९०४ मध्ये ते गेले, आणि बंगळूरची संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. ते काम पार पाडणाऱ्यांत दोराबजी स्वतः होते. देणारा नसताना त्याची इच्छा पुढे नेणे किती कष्टाचे असते आणि त्यासाठी कागदावर काय लिहिलेले असावे लागते, हे त्यांनी वारस म्हणून अनुभवले होते.

त्यांच्या विश्वस्तांवरही तीच वेळ आली. कर्करोगासाठी खास रुग्णालय उभारायचे ठरले, पण काम वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी झटणारे नवरोजी सकलातवाला १९३८ मध्ये वारले. जे. आर. डी. टाटांनी काम पुढे नेले. महायुद्ध सुरू असताना, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळला रुग्णालय उघडले. दोराबजींना जाऊन तोवर पावणेनऊ वर्षे झाली होती. तो प्रसिद्ध हिराही विश्वस्तांनी विकला आणि पैसा सत्कार्याला लागला.

रुग्णालयाबरोबर तिथे संशोधनही सुरू झाले, हे आपल्याकडे कमी सांगितले जाते. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते. तंबाखू-सुपारी चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या हाताखाली पुण्याची एक मुलगी संशोधनाला आली. हुजूरपागेत शिकलेली, फर्गसनमध्ये घडलेली. त्या डॉ. कमल रणदिवे. १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेत शिकून त्या परत आल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. १९८२ मध्ये त्या पद्मभूषण झाल्या. दोराबजी गेले तेव्हा कमलताई १४ वर्षांच्या होत्या, शाळेत शिकत होत्या. आपला पैसा ज्यांच्या कामाला पूरक ठरणार आहे, त्या माणसांची नावे देणाऱ्याला ठाऊक असणे शक्यच नसते.

आणि ल्युकेमियाचे काय झाले? १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवर अमिनोप्टेरिन या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. १० मुलांना काही काळ उतार पडला. ते औषध आले होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतून. १९६० मध्ये ल्युकेमियाच्या एका प्रकारात गुणसूत्रातला ठरावीक दोष सापडला, आणि ४१ वर्षांनी, २००१ मध्ये, नेमक्या त्याच दोषावर काम करणारी गोळी अमेरिकेत मंजूर झाली. आज संपन्न देशांत लहान मुलांना होणाऱ्या सर्वसाधारण ल्युकेमियातून १० पैकी ८-९ मुले बरी होतात. याचे श्रेय कोणा एका निधीला देणे चूक ठरेल. शेकडो प्रयोगशाळांनी, सरकारांनी आणि असंख्य लहान-मोठ्या देणगीदारांनी मिळून हे घडवले. मेहेरबाईंच्या नावाचा निधी त्या लांब रांगेत आरंभापासून उभा आहे आणि आजही संशोधकांना वृत्ती देतो.

मोठ्या निधीचा मोकळेपणाही कामी आला. १९३६ मध्ये नागपाड्याला समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मार्च १९४४ मध्ये एका तरुण शास्त्रज्ञाने मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी या ट्रस्टला पत्र लिहिले. तो तरुण म्हणजे मेहेरबाईंचा भाचा, होमी भाभा. टाटा मूलभूत संशोधन संस्था पुढच्याच वर्षी सुरू झाली. १९६२ मध्ये परळचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले, तेव्हा त्या खात्याचे प्रमुख भाभाच होते.

इथे कोणी रास्त शंका काढील. परळच्या पदपथावर आज रुग्णाचे नातेवाईक पथारी टाकून झोपतात. त्यांना जेवण द्यायचे सोडून प्रयोगशाळेला पैसे का द्यावेत? जेवण तर द्यायलाच हवे, आणि ते आपल्या हयातीत, आपल्या हाताने द्यावे. समोरच्या माणसाची भूक आपल्याला दिसते, म्हणून तिच्यासाठी हात पुढे होतो. जे मूल ३० वर्षांनी आजारी पडणार आहे, त्याच्यासाठी मागायला आज कोणी येत नाही. मागे ठेवायचा पैसा त्याच्या वाट्याला जावा, इतकेच माझे म्हणणे.

आपण टाटा नाही, हे खरेच. पण त्यासाठी टाटा असावे लागत नाही. मुलांचा वाटा मुलांना देऊनही मृत्युपत्रात एक ओळ घालता येते. ठरावीक रक्कम लिहावी, किंवा सगळ्यांचे देऊन जे उरेल त्याचा काही भाग लिहावा. रकमेची किंमत वर्षांबरोबर घटते, भागाची तशी घटत नाही. संस्थेचे नोंदणीकृत नाव आणि पत्ता नीट लिहावा, आणि ती संस्था बंद पडली तर पैसा कोणत्या कामाला जावा तेही लिहावे. दोन साक्षीदार हवेत. आपल्या माघारी हे करून घेणारा व्यवस्थापक नेमावा. प्रत्येकाच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे नियम बदलतात, तेव्हा वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि मुख्य म्हणजे मुलांना आधी सांगावे. आई-वडिलांनी काय ठरवले हे त्यांना कपाटातल्या पाकिटातून कळू नये.

दोराबजींनी ७२ व्या वर्षी, पत्नीच्या दुःखात, ज्या आजाराला औषधच नव्हते त्याच्या औषधासाठी पैसा ठेवला. ते औषध मेहेरबाईंना मिळणार नव्हते. तसे औषध मिळालेली मुले आज मोठी झाली आहेत, काहींना स्वतःची मुले झाली आहेत. पुढच्या स्नेहमेळाव्यात कोणी "मृत्युपत्र केलेस का रे?" असे विचारले, तर आपल्यातल्या दहा-बारा जणांनी तरी "केले, आणि त्यात ती ओळही घातली" असे सांगावे, ही इच्छा.